जाळं कापणाऱ्या हातातला कॅमेरा

सौराष्ट्रातल्या वेरावळ, सूत्रापाडा, मांगरोळ या बंदरांतून निघालेल्या होड्या पाण्यात गिलनेट सोडतात आणि काही तासांनी ते ओढायला घेतात. एखाद्या वेळी जाळं येतच नाही. दोर ताणले जातात, होडी एका बाजूला झुकते, आणि पाण्यात खाली काहीतरी अवजड, संथ हलताना दिसतं. राखाडी पाठ, तिच्यावर पांढरे ठिपके. व्हेल शार्क. अशा वेळी तांडेलापुढे, म्हणजे होडीच्या प्रमुखापुढे, दोनच वाटा असतात. जाळं वाचवायचं की मासा. जाळं हजारो रुपयांचं असतं, पुष्कळदा व्यापाऱ्याच्या उचलीतून घेतलेलं, आणि ते फाटलं तर पुढच्या फेरीचा प्रश्न उभा राहतो. आज त्या पट्ट्यातला तांडेल बहुतेक वेळा सुरी मागतो आणि जाळं कापायला लावतो. पंचवीस वर्षांपूर्वी त्याच किनाऱ्यावरच्या होड्यांत हाच मासा मारण्यासाठी मोठाले लोखंडी आकडे ठेवलेले असत.

हा बदल कसा झाला, हे नीट समजून घेण्यासारखं आहे. समुद्र वाचवण्याच्या गप्पा आपल्याकडे पुष्कळ होतात, पण एका संपूर्ण किनाऱ्याने आपली सवय बदलल्याची उदाहरणं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत. हे त्यातलं एक, आणि ते आपल्या शेजारच्या राज्यातलं. त्याचे धागे पुढे आपल्या पालघर-रत्नागिरी-सिंधुदुर्गपर्यंत येऊन पोचले आहेत.

व्हेल शार्क हा मासाच. नावात व्हेल असलं तरी देवमाशाशी त्याचं नातं नाही. जगातला हा सगळ्यात मोठा मासा दहा-बारा मीटरपर्यंत सहज वाढतो, त्याहून मोठेही सापडले आहेत. तोंड मीटरभर रुंद, पण खाणं मात्र प्लवकांचं, माशांच्या अंड्यांचं, बारीक माशांचं. माणसाला त्याच्यापासून काही धोका नाही. तो पाण्याच्या पृष्ठभागाजवळ सावकाश पोहतो, होडी जवळ आली तरी लगेच पळत नाही, आणि नेमकं हेच त्याच्या जिवावर उठलं. सौराष्ट्रात त्याच्या यकृताचं तेल लाकडी होड्यांना लावायला वापरत. आकडा मारायचा, आकड्याच्या दोराला रिकामी पिंपं बांधायची, म्हणजे मासा खोल बुडी मारू शकत नाही. थकला की ओढत किनाऱ्याला आणायचा. या पिंपांवरून तिथे त्या माशाचं नावच ‘बॅरल’ पडलं होतं. नव्वदच्या दशकात तैवानला त्याच्या मांसाची निर्यात सुरू झाली आणि तेलापुरती चालणारी शिकार बाजारासाठी चालू लागली. दर मोसमात शेकडो मासे किनाऱ्यावर ओढले गेले. ज्या प्राण्याला वयात यायलाच पंचवीस-तीस वर्षं लागतात, त्याच्यासाठी ही संख्या भयंकर होती.

बाहेरच्या जगाला हे दिसलं ते एका माहितीपटामुळे. माइक पांडे यांनी या किनाऱ्यावर चित्रीकरण करून ‘शोर्स ऑफ सायलेन्स’ हा माहितीपट तयार केला. 2000 साली त्याला वाइल्डस्क्रीन महोत्सवाचा पांडा पुरस्कार मिळाला, ज्याला लोक ‘ग्रीन ऑस्कर’ म्हणतात. किनाऱ्यावर ओढून आणलेला, जिवंतपणीच कापला जाणारा तो अजस्र मासा पडद्यावर दिसला आणि दिल्लीत हालचाल झाली. मे 2001 मध्ये व्हेल शार्कला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घालण्यात आलं, म्हणजे वाघाला जे संरक्षण आहे तेच त्याला मिळालं. भारतात माशाला असं संरक्षण मिळण्याची ती पहिलीच वेळ. पुढच्या वर्षी, 2002 मध्ये, आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या ‘साइट्स’ कराराच्या दुसऱ्या परिशिष्टातही त्याचा समावेश झाला.

इथे बहुतेक माहितीपटांची गोष्ट संपते. कॅमेऱ्याने दाखवलं, सरकारने कायदा केला, मासा वाचला. प्रत्यक्षात मासा अजून वाचलेला नव्हता. समुद्रात वीस-तीस मैल आत कोण कुणाला पाहतं? तिथे वनरक्षक नाही, चौकी नाही. ज्याच्या हातात आकडा आहे त्याला कायदा पटला नाही, तर तो फार तर मासा बंदरात आणायचा थांबेल. शिवाय त्या कॅमेऱ्याने किनाऱ्यावरच्या माणसाला जगापुढे उभं केलं ते मारेकरी म्हणून. जे दाखवलं ते खरं होतं, दाखवायलाच हवं होतं. पण ज्याच्यावर फक्त बोट रोखलेलं असतं, तो उद्या आपलं जाळं कापून मासा सोडायला का तयार होईल?

म्हणून मला या गोष्टीचा दुसरा भाग पहिल्याहून महत्त्वाचा वाटतो. 2004 साली वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडिया, आयफॉ ही प्राणिकल्याण संस्था, टाटा केमिकल्स आणि गुजरात वन विभाग यांनी मिळून व्हेल शार्कसाठी मोहीम उघडली. कथाकार मोरारी बापू तिचा चेहरा झाले. त्यांनी किनाऱ्यावरच्या लोकांना समजेल अशी एकच गोष्ट सांगितली. हा मासा म्हणजे बाळंतपणासाठी माहेरी आलेली लेक. माहेरी आलेल्या लेकीवर कुणी आकडा उगारतं का? ‘बॅरल’चं ‘व्हाली’, म्हणजे लाडकी, झालं. खऱ्या माशाएवढा फुगवता येणारा व्हेल शार्क गावोगाव फिरवला गेला. मासेमाराच्या गरोदर लेकीची गोष्ट सांगणारं पथनाट्य बंदराबंदरांत झालं. शाळांमधल्या मुलांनी चित्रं काढली, फेऱ्या काढल्या. पोरबंदर, दीव, द्वारका, ओखा, वेरावळ, मांगरोळ अशा शहरांनी या माशाला आपलं मानचिन्ह म्हणून दत्तक घेतलं. कार्तिक अमावास्येला गुजरातेत व्हेल शार्क दिन पाळला जाऊ लागला.

पहिल्या बाळंतपणाला लेक माहेरी येते ही रीत आपल्याकडेही घरोघरची, त्यामुळे ही उपमा खारवा आणि कोळी वस्त्यांमध्ये किती खोल गेली असेल याचा अंदाज मराठी वाचकाला सहज येईल. तिच्यामागे विज्ञान मात्र तेव्हा पुरतं उभं नव्हतं. व्हेल शार्क सौराष्ट्राजवळ नेमके कशासाठी येतात, प्लवकांसाठी की पिल्लांसाठी, हे कुणी सिद्ध केलेलं नव्हतं. या माशाच्या प्रजननाबद्दल जगातच फार थोडी माहिती आहे. तैवानजवळ 1995 मध्ये पकडलेल्या एका मादीच्या पोटात सुमारे तीनशे पिल्लं निघाली, आणि तेव्हा पहिल्यांदा नक्की कळलं की अंडी मादीच्या पोटातच फुटतात आणि ती जिवंत पिल्लं देते. पुढे सूत्रापाड्याजवळ मासेमारांच्या जाळ्यात व्हेल शार्कचं अगदी लहान पिल्लू सापडलं आणि सोडून देण्यात आलं. कथाकाराने भावनेच्या भरात म्हटलेल्या गोष्टीला दुजोरा देणारी खूण सापडली ती मासेमाराच्याच जाळ्यात.

भावना पेटवली म्हणून मासे सुटले, असं मात्र झालं नाही. जाळ्याचा खर्च कुणी सोसायचा हा प्रश्न होताच. गुजरात वन विभागाने कापलेल्या जाळ्याची भरपाई द्यायचं ठरवलं आणि मोहिमेला खरा पाया मिळाला. सुरुवातीला अडचण पडताळणीची होती. मासा अडकल्याचा निरोप आला की अधिकाऱ्यांनी समुद्रात जायचं, खात्री करायची, मग जाळं कापायचं. यात तास जात आणि तोवर मासा जाळ्यात तडफडत राही. शार्कला श्वासासाठी कल्ल्यांमधून पाणी खेळतं राहावं लागतं. जखडलेल्या माशाला उशीर परवडत नाही. तेव्हा तोडगा असा निघाला की मासेमारांनाच पाण्यात चालणारे कॅमेरे द्यायचे. मासा अडकलेला, जाळं कापताना, मासा सुटून जाताना, असे फोटो त्यांनीच काढायचे, आणि त्या फोटोंवर भरपाई मिळायची.

माझ्या दृष्टीने सगळा बदल इथे आहे. पहिला कॅमेरा किनाऱ्यावर उभा राहून मासेमाराकडे रोखलेला होता. दुसरा मासेमाराच्या गळ्यात आला. तो आता आरोपी उरला नाही, साक्षीदार झाला, आणि त्याच्या साक्षीवर सरकार पैसे देऊ लागलं. मोहीम सुरू झाल्यापासून गुजरातच्या किनाऱ्यावर सातशेहून अधिक व्हेल शार्क असे जाळ्यातून सोडले गेले आहेत. हे सगळे खासगी, कष्टाने कमावलेल्या जाळ्यांतून सुटलेले मासे आहेत.

कंपनीच्या भूमिकेबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. टाटा केमिकल्सचा मिठापूरचा कारखाना ओखामंडळात, समुद्राला लागूनच. मीठ आणि सोडा अॅश हा तिचा धंदा, दोन्ही समुद्रावर अवलंबून. अशा कंपनीने शेजारच्या समुद्रासाठी वर्षानुवर्षं पैसा लावावा हे योग्यच, आणि दीर्घकाळ टिकून राहिली म्हणून या मदतीचं मोल मोठं. एका वर्षाच्या निधीवर किनाऱ्याची सवय बदलत नसते. पण मासा वाचवायला दिलेल्या पैशाने कोणत्याही किनारी कारखान्याची स्वतःच्या सांडपाण्याची, स्वतःच्या भरावाची जबाबदारी कमी होत नाही. दोन्ही हिशेब वेगळे ठेवायला हवेत आणि दोन्ही लोकांसमोर असायला हवेत. सहकार्याचं कौतुक करताना हे विसरणाऱ्यांशी माझं जमत नाही.

महाराष्ट्राने हाच मार्ग डिसेंबर 2018 मध्ये घेतला आणि व्हेल शार्कपुरता न ठेवता सगळ्या संरक्षित सागरी प्राण्यांसाठी खुला केला. राज्याचा कांदळवन कक्ष आणि मत्स्यव्यवसाय विभाग यांची ही योजना. ऑलिव्ह रिडले कासव, हिरवं कासव, व्हेल शार्क, डॉल्फिन यांच्यापैकी काही जाळ्यात सापडलं आणि त्याला सोडताना जाळं कापावं लागलं, तर मासेमाराला 25 हजार रुपयांपर्यंत भरपाई. पुरावा म्हणून फोटो किंवा व्हिडिओ. पहिल्या काही वर्षांतच दोनशेहून अधिक प्राणी असे सुटल्याची नोंद झाली, त्यात कासवंच अधिक.

इथे तरुण पिढी या गोष्टीत आली, आणि तिला कुणी वेगळं बोलवावं लागलं नाही. होडीवर फोन कुणाकडे असतो, व्हिडिओ कोण काढतं, तो किनाऱ्याला रेंज येताच कोण पाठवतं? विशीतला खलाशी किंवा नाखव्याचा शिकलेला मुलगा. वडील जाळं कापतात, मुलगा फोन धरतो. अर्ज करतानाही होडीची नोंदणी, परवाना, सोसायटीचा कागद हे सगळं जुळवणारा पुष्कळदा तोच. कोळीवाड्यांतली पोरं आज स्वतःचे चॅनल चालवतात. जाळं कसं लावायचं, बोंबील सुकवायला वलांडीवर कसा घालायचा, पापलेट कुठल्या महिन्यात येतं, असं सगळं त्यांच्या व्हिडिओंत असतं. सुटणारं कासव त्यांनी दाखवलं तर शेजारच्या बंदरातल्या पोराला ते सरकारी भित्तिपत्रकापेक्षा कितीतरी लवकर पटतं, कारण समोर होडी ओळखीची असते, बोलीही ओळखीची.

धोकाही त्याच फोनमध्ये आहे. अडकलेल्या माशाला शेपटीला दोर बांधून बंदरापर्यंत ओढायचं, कासव उलटं धरून फोटो काढायचा, लोकांनी पाहावं म्हणून प्राणी जास्त वेळ अडकवून ठेवायचा, हे घडतं. यावर उपाय शिकवण्याचाच आहे. जाळ्यातून आलेलं कासव निपचित पडलेलं असलं तरी ते मेलेलं असेलच असं नाही. कासव फुप्फुसाने श्वास घेतं, ट्रॉलच्या जाळ्यात फार वेळ पाण्याखाली राहिलं की बेशुद्ध होतं. त्याला पोटावर ठेवून मागचा भाग थोडा उंच करायचा, अंग ओल्या कापडाने झाकायचं, सावलीत ठेवायचं आणि काही तास थांबायचं. पुष्कळ कासवं हलू लागतात. लगेच पाण्यात टाकलं तर बुडून मरतात. हे दोन मिनिटांच्या व्हिडिओत दाखवता येतं, आणि दाखवणारा होडीवरचाच हवा.

त्यातही एक गोष्ट आपण सोयीस्करपणे बाजूला ठेवतो. रत्नागिरीच्या बंदरात ट्रॉलरवर आणि पर्ससीन बोटींवर काम करणारे खलाशी मोठ्या संख्येने नेपाळहून आणि परराज्यांतून आलेले असतात. मराठीत छापलेली पत्रकं त्यांच्यासाठी नाहीत. जाळ्यातला प्राणी पहिल्यांदा पाहतो तो हा खलाशी, आणि सुरी असते तीही त्याच्याच हातात. भरपाई मात्र जाळ्याच्या मालकाला मिळते. त्याच्या भाषेत माहिती आणि त्याच्या वाट्याला त्या भरपाईतला काही हिस्सा, एवढं झालं तरी पुष्कळ फरक पडेल. भरपाईत जाळं मोजलं जातं, बुडालेली फेरी मोजली जात नाही, ही मासेमारांची तक्रार मला रास्त वाटते.

प्राणी अडकल्यावर सोडवणं चांगलं, पण अडकूच नये हे त्याहून चांगलं. इथे मासेमारी उद्योगाला स्वतः हात घालावा लागतो, आणि बाजाराचा धक्का बसल्याशिवाय तो बहुधा घालत नाही. कोळंबीच्या ट्रॉल जाळ्यात बसवायची एक लोखंडी जाळी असते, तिला टेड म्हणतात. कोळंबी जाळीच्या दांड्यांमधून मागे जाते, कासव दांड्यांवर आपटून वरच्या किंवा खालच्या झडपेतून बाहेर पडतं. ही युक्ती मूळची अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या सिंकी बून या कोळंबी पकडणाऱ्याची. त्याला जाळ्यात भरणाऱ्या जेलीफिशचा वैताग होता, त्यातून त्याने ही जाळी तयार केली. कासवांसाठी तिचा उपयोग पुढे झाला. अमेरिकेने नंतर कायदाच केला की जे देश कासव वाचवणारी साधनं वापरत नाहीत त्यांची समुद्रात पकडलेली कोळंबी घ्यायची नाही. 2019 पासून भारताची अशी कोळंबी अमेरिकेच्या बाजारात जात नाही. आपल्याकडे कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने भारतीय ट्रॉलरसाठी टेड विकसित केली, सागरी उत्पादन निर्यात विकास प्राधिकरण ती पोचवण्याचं काम करतं. जाळीतून थोडी कोळंबीही निसटते, म्हणून ट्रॉलरमालक नाखूश असतात. त्यांची नाखुशी समजू शकते, पण तिच्यापायी एक मोठा बाजार बंद झाला आहे हेही खरं.

सिंधुदुर्गातली गोष्ट याहून समाधानाची. संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रम आणि जागतिक पर्यावरण सुविधा यांच्या मदतीने तिथे किनारी जैवविविधतेचा एक प्रकल्प झाला. त्यात ट्रॉलरच्या जाळ्याच्या टोकाला, म्हणजे जिथे सगळे मासे साठतात त्या भागाला, 40 मिलिमीटरचा चौकोनी आस, म्हणजे विणीतलं भोक, लावून पाहिला गेला. नेहमीचा आस शंकरपाळ्याच्या आकाराचा असतो. जाळं ओढताना ताण आला की तो मिटतो आणि लहान पिल्लंही आत अडकतात. चौकोनी आस ताणाखाली उघडा राहतो, पिल्लं निघून जातात. नको असलेला माल कमी झाल्यामुळे ओढायला जोर कमी लागतो आणि डिझेलही वाचतं. मासेमाराला पटलं ते या शेवटच्या वाक्यामुळे, आणि त्यात काही वावगं नाही. पुढे महाराष्ट्राने ट्रॉलरसाठी असा चौकोनी आस बंधनकारक केला. सक्तीचा आदेश काढणं आणि त्याआधी चार हंगाम कुणाच्या तरी बोटीवर बसून आस लावून दाखवणं यात किती अंतर आहे, हे या प्रकल्पाने मला शिकवलं.

मुंबईत तरुणांनी कॅमेरा वेगळ्याच कामाला लावला. प्रदीप पाताडे आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी 2017 मध्ये ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ सुरू केलं. ओहोटीच्या वेळी गिरगाव, हाजी अली, जुहू इथल्या खडकांत आणि डबक्यांत लोकांना घेऊन जायचं, जे दिसेल त्याचे फोटो काढायचे, जागा आणि वेळ नोंदवून ते सगळ्यांना पाहता येतील अशा निसर्गनोंदींच्या संग्रहात टाकायचे. ऑक्टोपस, समुद्री गोगलगायी, समुद्रफुलं, आणि हाजी अली-वरळीच्या खडकांवर चक्क प्रवाळ. मुंबईचं पाणी मेलेलं आहे, असं बहुतेक मुंबईकरांनी गृहीतच धरलं होतं. या नोंदींनी ते खोटं ठरवलं. प्रवाळही पहिल्या अनुसूचीतला. सागरी किनारा मार्गाच्या कामात तो आडवा आला तेव्हा परवानगी घेऊन राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या देखरेखीखाली 2020 च्या शेवटी त्याच्या 18 वसाहती दुसऱ्या जागी हलवण्यात आल्या. रस्ता थांबला नाही, याचं मला दुःख आहेच. पण इथे काहीच नव्हतं, असं आता कुणाला म्हणता येणार नाही, कारण विद्यार्थ्यांच्या आणि नोकरदारांच्या फोनमध्ये तारखेसह पुरावा आहे.

आता या नोंदींचं आणि कोळ्यांच्या व्हिडिओंचं पुढे काय करायचं? भरपाईच्या अर्जाबरोबर आलेला व्हिडिओ पैसे मिळाले की सरकारी दप्तरात जातो. मला ही उधळपट्टी वाटते. प्रत्येक व्हेल शार्कच्या अंगावरच्या ठिपक्यांची मांडणी वेगळी असते आणि ती आयुष्यभर तशीच राहते. 2005 साली संशोधकांनी दाखवून दिलं की आकाशातल्या ताऱ्यांच्या मांडण्या जुळवण्यासाठी खगोलशास्त्रात तयार झालेली गणिती पद्धत वापरून फोटोवरून एकेक व्हेल शार्क ओळखता येतो. कल्ल्यांच्या मागचा, छातीच्या पराच्या वरचा भाग, शक्यतो डाव्या बाजूने, स्पष्ट टिपला की पुरे. जगभरातल्या हौशी पाणबुड्यांच्या अशा फोटोंवर मोठा संग्रह उभा आहे. आपल्या किनाऱ्यावरचे मासेमार पाणबुड्यांपेक्षा कितीतरी अधिक वेळा या माशाच्या हातभर जवळ असतात, जाळं कापत असतात, आणि फोन चालूच असतो.

तेव्हा भरपाईच्या अर्जावर दोन ओळी वाढवाव्यात. डाव्या बाजूचा कल्ल्यामागचा फोटो. शक्य असेल तर पोटाकडून एक, कारण नराचे दोन दंडगोल अवयव तिथे दिसतात आणि नर की मादी हे त्यावरून ठरतं. जागा फोन स्वतःच नोंदवतो. असा उपयोगी फोटो देणाऱ्याला, मालक असो वा खलाशी, जाळ्याच्या भरपाईवर वेगळे पैसे मिळावेत, आणि ते किनाऱ्यावर बंदर, जहाजबांधणी, तेल, रसायनं असे धंदे करणाऱ्या कंपन्यांनी द्यावेत. गुजरात आणि महाराष्ट्र या दोन्ही राज्यांचे फोटो एकाच ठिकाणी ठेवले, तर सूत्रापाड्याला सुटलेली मादी पुढच्या वर्षी डहाणूला दिसली का, याचं उत्तर मिळू शकेल. सौराष्ट्राला ती खरोखर पिल्लं द्यायला येते का, हेही त्यातूनच कळेल. 2004 मध्ये पथनाट्य पाहायला बापाच्या खांद्यावर बसून आलेली मुलं आज तांडेल झाली आहेत आणि प्रत्येकाकडे कॅमेरा आहे. पुढच्या मोसमाआधी, नारळी पौर्णिमेला होड्या बाहेर पडण्याच्या आत, अर्जाचा तो कागद बदलता येईल.